साडेपाचच्या पुढचा पिक्चर

आमच्या गावात पिक्चरचा शेवट कुणीही पाहिलेला नव्हता. हे मी चेष्टेनं सांगत नाही. कुंभार पिंपळगावच्या पुढे दोन कोसांवर आमचं गाव, तालुका तेव्हा अंबड, आणि पिक्चर बघायचा तर थेट जालन्याला जायचं. जालन्यात पहिला शो तीनला लागायचा आणि आमच्याकडे येणारी शेवटची एसटी सहाला सुटायची. थेटरापासून स्टँड लांब. त्यात पिक्चर रडका असला तर तो हमखास सहाच्या पुढे जायचा, कारण रडायला वेळ लागतो. म्हणून साडेपाच झाले की पडद्यावर काय वाटेल ते चाललेलं असो, आमच्या बाजूची सगळी मंडळी चपला आणि पिशव्या हातात घेऊन, वाकून वाकून, एकामागे एक बाहेर पडायची. मागचे लोक ओरडायचे, "बसा की हो!" दारावरचा माणूस मात्र निवांत असायचा. "पिंपळगाववाले उठले, साडेपाच झाले," असं म्हणून तो चहा सांगायचा.

त्यामुळे एकेका पिक्चरचे गावात चार-पाच शेवट असायचे. पोस्टमनच्या शेवटात कुणाचं तरी पत्र यायचं आणि सगळा उलगडा व्हायचा. तालमीतल्या मंडळींचा शेवट हाणामारीशिवाय होत नसे. माझे वडील, आमचे दादा, शाळेत मास्तर होते. त्यांच्या शेवटात दुष्ट माणूस सुधारायचा आणि पुढे शिकायचासुद्धा. भांडण नको म्हणून एक रीत पडून गेली होती. जो पिक्चर सांगेल, शेवट त्याचा.

मी तेव्हा सतरा वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. आमच्या वस्तीत पिक्चर सांगावा तर मीच, असं माझं नाव झालं होतं आणि ते मला फार चढलं होतं. सांगायची जागाही ठरलेली. उन्हाळ्यात आमच्या अंगणात, कडुनिंबाखाली, वाकळ शिवायला बायका बसायच्या. वाकळ म्हणजे गोधडी. जुनी लुगडी, धोतरं, चिंध्या एकावर एक अंथरायच्या आणि चार बाजूंना चार बायकांनी बसून काठापासून टाके घालत घालत मधोमध यायचं. पहिल्या दिवशी एकमेकींशी ओरडून बोलावं लागतं, शेवटच्या दिवशी गुडघ्याला गुडघा लागतो. मध्ये तळहाताएवढी जागा उरली की तिथं भाकरीचा तुकडा घालून वरून शिवून टाकायचं. वाकळीचं पोट भरलं असं आमच्याकडे म्हणतात. माझं काम दोन प्रकारचं होतं, सुयांत दोरा ओवायचा आणि पिक्चर सांगायचा.

त्या वर्षी वाकळीला बसलेल्या चौघी म्हणजे आई, शेजारची काकू, काकूची सून आणि माझी आत्या. आत्या दादांची धाकटी बहीण, तेव्हा सव्वीस-सत्तावीसची, लग्नाची राहिलेली. ती कशी राहिली ते सांगायला हवं.

पाच वर्षांपूर्वी तिची सोयरीक अंबडकडच्या एका मास्तरशी ठरली होती. साखरपुडा झाला, तारीख तेवढी काढायची होती. तो आठ महिने आमच्या घरी काही ना काही निमित्त काढून यायचा. कधी दादांचं पुस्तक परत करायला, कधी तेच पुस्तक पुन्हा न्यायला. एकदा भर दुपारी आत्या विहिरीवरून येत होती. यानं तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवला, स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि सगळ्या वस्तीतून मिरवत घरी आणला. हंडा धरायची सवय नाही, त्यामुळे अर्धं पाणी रस्त्यावर आणि अर्धं त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मागून आत्या रिकाम्या हातानं, पदर तोंडाला लावून. बायका महिनाभर हसत होत्या. लेकरांनी त्याचं नाव पाणीमास्तर ठेवलं, आणि तो त्या नावावर खूश होता.

मग औरंगाबादच्या एका साहेबाला जावई हवा होता. साहेबाच्या हातात बदल्या होत्या. दादांना चार ओळींचं पोस्टकार्ड आलं. आत्यानं ते वाचलं, दादांच्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवलं आणि भाकरी थापायला बसली. त्यानंतर तिला दोन स्थळं आली. एकाचे कान तिला पटले नाहीत आणि दुसरा म्हणे जेवताना फार बोलतो.

आणि त्या उन्हाळ्यात, होळी झाल्यावर, अंबडहून एक वयस्कर पाहुणे आले. "जयभीम, गुरुजी," म्हणून ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि खाली बघत बोलायला लागले. पाणीमास्तरची बायको दोन वर्षांमागे वारली होती. लेकरूबाळ नव्हतं. तो आता अंबडला परत आला होता आणि त्याला फार पश्चात्ताप झाला होता. आत्याची तयारी असेल तर तो उद्या येऊन हात जोडायला तयार होता. दादा म्हणाले, "ती म्हणंल ते. मी तिच्या वतीनं एकदा बोलून बसलो, आता बोलणार न्हाई. पत्रानं कळवतो." पाहुणे गेले. दादांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "आधी वाकळ होऊ द्या, मंग सांगते."

आई कपाळाला हात लावून म्हणाली, "लग्नाचा अन् वाकळीचा काय संबंध हाय, बाई?" पण आत्या चिंध्या निवडायला बसली होती.

काकू आणि मी नेमक्या त्याच आठवड्यात जालन्याला जाऊन एक पिक्चर पाहून आलो होतो, अर्थात साडेपाचपर्यंत. वाकळीवर मी तोच सांगायला घेतला. घड्याळं दुरुस्त करणारा एक गरीब नायक असतो. त्याच चाळीत समोरच्या खोलीत नायिका राहते. दोघांचं जमतं. मग तो सहा महिन्यांत येतो म्हणून मोठ्या शहरात जातो आणि कारखानदाराच्या मुलीशी लग्न करून मोकळा होतो. नायिका वाट बघते. पुढे त्याची बायको मरते आणि त्याला पश्चात्ताप होतो. पश्चात्ताप झालेला ओळखायचा कसा, तर कानाजवळच्या केसांना पांढरी पावडर लावलेली असते. नायिकेला मात्र दहा वर्षांत फक्त चष्मा लागतो.

मला घाई होती विश्वासघातापर्यंत पोचायची. सुरुवातीचं प्रेमाचं मी भराभर उरकत होते. नळावरून नायिका पाण्याची बादली आणत असते, तो ती हिसकावून घेतो, जिना चढताना ठेचकाळतो आणि नखशिखांत भिजतो, हे मी एका दमात सांगून पुढे निघाले, तर आत्या म्हणाली, "थांब. ते बादलीचं पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच काढलं. "भिजल्यावर तो हसला का?" मी म्हटलं, "हसला असंल. अगं आत्या, पुढं लई मोठं मोठं हाय, बादलीत काय ठेवलंय?" काकूनं आईला कोपरानं ढोसलं. आई टाक्यांकडे बघत राहिली. मी सतरा वर्षांची शहाणी. पाणीमास्तरच्या मागे टाळ्या पिटत धावणाऱ्या लेकरांत मी स्वतः होते, तरी माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही.

चौथ्या दिवशी वाकळ मधोमध आली, चौघींचे गुडघे लागले आणि मी दारापर्यंत पोचले. पश्चात्ताप झालेला नायक नायिकेच्या दारात येऊन उभा राहतो. बाहेरून त्याचा हात कडीवर. आतून तिचा हात कडीवर. व्हायोलिन वाजतंय. आणि इथं साडेपाच वाजले होते.

"मंग?" आत्यानं विचारलं. सुई तिच्या हातात तशीच थांबली होती. "उघडलं का तिनं?"

शेवट माझा होता. मला त्या वयात जन्मभराचा पश्चात्ताप या गोष्टीचं भारी वेड होतं. दुसऱ्याचा असला तर तो फार सुंदर दिसतो. मी आवाज खोल नेला आणि म्हटलं, "न्हाई उघडलं. ती कडीवरचा हात काढून घेते. तो तिथंच उभा राहतो. रात्र होते. मंग बर्फ पडायला लागतं."

"बर्फ?" काकू म्हणाली. "अगं, चाळीत कुठून आलं बर्फ?"

"पडतं पिक्चरमधे."

"काही बर्फबिर्फ न्हाई. उघडलं तिनं दार! बाईचं काळीज हाय का दगूड हाय? दहा वर्सं वाट बघितली ती काय कडी लावून बसायला?"

"शेवट माझा हाय, काकू."

"तुझा असू दे. पण उघडलं."

आई टाके घालत राहिली. सुनेनंही कुणाची बाजू घेतली नाही. तिला सासूजवळ जन्म काढायचा होता. आम्हा दोघींचा आवाज चढला तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, "म्हंजे उघडलं का न्हाई, हे तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक न्हाई."



आत्यानं सुई वाकळीत खोचली. "मंग मी जाऊन बघून येते."

"अन् शेवटची एसटी?" आईनं विचारलं.

"जाऊ देते."

गावात शेवटची एसटी चुकलेली माणसं होती. तिला आपण होऊन सोडून देणारं आजवर कुणी निघालं नव्हतं. मला वाटलं, दादा ओरडतील. दादा ओट्यावर शाळेचं हजेरीपत्रक बघत होते. त्यांनी मान वर न करता एवढंच म्हटलं, "मस्तगडात मावशीकडं मुक्काम करा. पोरीला सोबत ने." मावशी म्हणजे आईची बहीण, आणि मस्तगड हा जालन्यातलाच भाग. मला तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

तीनच्या शोला आम्ही बायकांच्या बाकांवर बसलो. पिंपळगावच्याही तीन-चार ओळखीच्या होत्या. पिक्चर तोच होता, पण आत्या असा बघत होती की पापणी मिटली तर काही निसटेल. साडेपाच झाले. आमच्या ओळीत सळसळ सुरू झाली. एक बाई आत्याच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "बाई, उठा की. येळ झाली." आत्या म्हणाली, "तुमी व्हा म्होरं." माझे पाय सवयीनं आपोआप उठले होते. तिनं माझा पदर धरून मला खाली बसवलं. दारावरच्या माणसानं आत येऊन आमच्या तोंडावर बॅटरी मारली आणि खात्री करून गेला.

साडेपाचच्या पुढेही पिक्चर असतो, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. मला आतून कुठंतरी वाटायचं की आम्ही उठलो की पडद्यावरची मंडळीसुद्धा आपापल्या गावाला जात असतील. पण नाही. व्हायोलिन वाजत राहिलं, दोघांचे हात कडीवर थरथरत राहिले, आणि मग नायिकेनं दार उघडलं. सरळ उघडलं. तो पायाशी पडला, तिनं त्याला उठवलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडली. बायकांच्या बाकांवर नाकं शिंकरायचा एकच आवाज उठला. मीही रडत होते. काकूचा शेवट खरा निघाला याचंही थोडं रडू त्यात होतं.

आत्या मोठ्यानं म्हणाली, "एवढ्यात?"

आणि हसली. पुढच्या बाईनं रुमालाआडून वळून असं काही पाहिलं की मी मान खाली घातली. "दहा वर्सं अन् एवढ्यात?" आत्या माझ्या कानाशी म्हणाली. "तुझाच बराबर व्हता."

बाहेर आलो तर अजून ऊन होतं. एसटी गेलेली होती. पुढच्या शोची माणसं आत जायला लागली होती. मी म्हटलं, चल, मावशी वाट बघत असेल. आत्या पोस्टरजवळ उभी होती. पोस्टरवर नायक-नायिका रडत होती, आत्या त्यांच्याकडे बघत नव्हती. तिनं कमरेची चंची काढली आणि तिकिटाच्या खिडकीकडे गेली.

"अगं, बघितला ना शेवट?"

"शेवट बघितला," ती म्हणाली. "चल आत."

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा मी पडद्याकडे फारसं बघितलं नाही, पाठच झाला होता. मी आत्याकडे बघत होते. नळाचा सीन आला. नायिकेनं बादली उचलली, त्यानं हिसकावली, जिना, ठेच, पाणी. तो भिजला आणि हसला. हसला होता, मी ते वाकळीवर नीट सांगितलं नव्हतं. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू होतं. ते पुसायचंही तिला भान नव्हतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात पांढरा भिजलेला सदरा आला, हंडा आला, मागून रिकाम्या हातानं येणारी आत्या आली. मला माझी लाज वाटली. चार दिवस मी तिला पश्चात्ताप ऐकवत होते, आणि ती बादली मागत होती. मला वाटलं होतं तिला त्याचा राग आहे. राग असता तर काम सोपं होतं.

नायक आगगाडीत बसला. सहा महिन्यांत येतो म्हणाला. नायिका हात हलवत राहिली, गाडी निघाली, आणि दिवे लागले. इंटरव्हल. आत्यानं पदरानं तोंड पुसलं, चपला घातल्या आणि उठली.

"आत्या, अजून निम्मा राह्यलाय."

"राहू दे. पुढचं मला ठाऊक हाय."

दारावरच्या माणसानं आम्हाला पाहिलं आणि बिचारा गोंधळून गेला. "बाई, तुमची एसटी तं कवाच गेली. आता कुठं निघाल्या?" आत्या त्याला म्हणाली, "आज जल्दी न्हाई, भाऊ," आणि पायऱ्या उतरली.

मस्तगडाच्या रस्त्यानं चालताना मी धीर करून विचारलं, "तुला तो अजून आवडतो?"

 ती म्हणाली, "तवाचा आवडतो. पण येऊन राह्यला तो आत्ताचा." 

दुसऱ्या दिवशी दुपारी गावात उतरलो तर अंगणात वाकळ तशीच पसरलेली, मधोमध तळहाताएवढी जागा, आणि भोवती तिघी. काकूला धीर नव्हता. आत्यानं हातपाय धुतले, आपल्या जागेवर बसली आणि खोचलेली सुई काढली. दादा ओट्यावर होते. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं, पण पान उलटत नव्हतं.

"मंग?" काकू म्हणाली. "उघडलं ना?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जन्मात पहिल्यांदा एखाद्या पिक्चरबद्दल तोंड बंद ठेवलं.

"न्हाई," आत्या म्हणाली. "पोरीनं सांगितलं तेच बराबर हाय. न्हाई उघडलं."

काकू माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागली की पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलणार नाही हे मला कळलं. आईनं मात्र हळूच विचारलं, "अन् तो? त्याचं काय झालं, बाई?"

"उभा हाय."

"बर्फात?" काकूला राहवलं नाही.

"न्हाई. बर्फ न्हाई पडलं," आत्या टाका घालत म्हणाली. "नुस्ता उभा हाय."

 ओट्यावर दादांनी वर्तमानपत्राची घडी घातली, आत गेले आणि पोस्टकार्ड आणि दौत घेऊन आले. साऱ्या गावाची पत्रं लिहून देणारा माणूस, पण टाक दौतीत बुडवून तो बहिणीकडे वळला. मग म्हणाले, "बाई, काय लिहू?"

"न्हाई म्हणून लिहा, दादा." तिनं दोरा ओढून घेतला. "अन् त्या दिवशी हंडा आणून दिल्ता, ते मी..." ती थांबली.  "ऱ्हाऊ द्या. नुस्तं न्हाई लिहा."

दादांनी तेवढंच लिहिलं. आई आतून भाकरीचा तुकडा घेऊन आली. आत्यानं तो वाकळीच्या मधोमध ठेवला आणि मी ओवून दिलेल्या सुईनं वरून शिवून टाकला.